थोरलीचे एकवीस टोले

टोलेकाकांना राजघराण्यातल्या एकूण एक बाळाचं जन्माचं वजन तोंडपाठ होतं. आताचे राजे जन्मले तेव्हा तीन किलो दोनशे. त्यांची मधली बहीण दोन किलो नऊशे. शेंडेफळ मात्र चांगलं पावणेचार किलोचं. कुणी विचारो न विचारो, काका सांगत. न्हाव्याच्या दुकानात सांगत, चर्चच्या पायरीवर सांगत, मयतीला आलेल्या माणसालाही सांगत. लोक हसायचे, पण खोटं कशाला बोला, कान देऊन ऐकायचेही. राजवाडा कुणी आतून पाहिलेला नसतो, तरी तिथे पाळणा हलला की जो तो मामा-मावशी होऊन बसतो.

काका चर्चचे घंटावाले. चाळीस वर्षं तेच काम. खरं नाव बाप्तिस्म्याच्या वहीत असेल, लोकांना टोलेकाका पुरे होतं. मनोऱ्यात घंटा दोन. धाकटी रोजची: मिस्साची प्रार्थना, लग्न, मयत. थोरली मानाची. तिच्या ओठाला केसाएवढी चीर गेलेली, म्हणून तिला उगीच हात लावायचा नाही असा दंडक होता. बिशप वारले तर, नाहीतर गादीचा वारस जन्मला तर, एवढ्यालाच ती वाजायची. राजकन्या झाली तर एकवीस टोले, राजपुत्र झाला तर एकेचाळीस. अठ्ठावीस वर्षांपूर्वी आताचे राजे जन्मले तेव्हा ती काकांनीच वाजवली होती आणि त्याचा फोटो पेपरात आला होता. फोटोत काकांचं अर्धं तोंड दोरीमागे गेलंय, ओळखू येतो तो फक्त एक कान. तरी तो कापून, काचेत लावून, खाटेवर क्रुसाच्या शेजारी टांगलेला. बायको होती तोवर म्हणायची, "निदान क्रूस तरी दोन बोटं वर घ्या हो."

बायकोचा त्या फोटोवर राग होता, आणि रास्त होता. त्या वेळी राजवाड्यातून बातमी यायला उशीर झाला म्हणून काका तीन दिवस मनोऱ्यातून खाली उतरले नव्हते. जेवणाचा डबा दोरीला बांधून वर घेत. त्याच तीन दिवसांत इकडे त्यांची बायको बाळंत झाली. काका एकेचाळीस टोले देऊन, फोटो काढून घेऊन, हारतुरे गळ्यात घालून घरी आले तेव्हा लेक एक दिवसाची झाली होती. बायकोनं शेवटपर्यंत लेकीला ऐकवलं, "राजाचा मुलगा तुझ्या बाबांना आधी कळला, तू नंतर." हसत हसतच म्हणायची. पण अशी वाक्यं मुलांच्या मनात घर करून राहतात.

आता ती लेक अठ्ठावीस वर्षांची. दुसऱ्या शहरात बुटांच्या दुकानात कामाला होती. मार्चमध्ये परत आली ती पाचव्या महिन्यात, एक बॅग घेऊन, एकटी. लग्न झालेलं नव्हतं आणि ज्याच्याशी व्हायचं होतं तो पत्ता न ठेवता गेलेला. काकांनी दार उघडलं, आधी पोटाकडे पाहिलं, मग तिच्या मागे रस्त्याकडे, आणि विचारलं, "तो कुठाय?"

"नाहीये," लेक म्हणाली.

काका दारातून बाजूला झाले नाहीत. 'चालती हो' असं ते म्हणाले नाहीत, एवढंच त्यांच्या बाजूनं बोलता येईल. पण उंबऱ्यात उभ्या माणसानं बाजूला न होणं म्हणजे काय, हे कळायला फार अक्कल लागत नाही. लेकीनं बॅग उचलली आणि चर्चचं आवार ओलांडून आत्याकडे गेली.

आत्या म्हणजे काकांची थोरली बहीण, अक्का. ती फादरांच्या घरी स्वयंपाकपाणी बघायची, आणि खरं तर फादरांनाही तीच बघायची. तिनं फादरांना विचारलंसुद्धा नाही. तळमजल्यावरची मागची खोली झाडून घेतली आणि भाचीला तिथे ठेवलं. खोली कसली, अडगळच ती. येशूजन्माच्या देखाव्याचं सगळं सामान तिथे: नाक तुटलेले मेंढपाळ, रंग उडालेलं गाढव, पेंढ्याचं पोतं. फादरांनी संध्याकाळी दारातून डोकावून पाहिलं आणि म्हणाले, "खिडकीला पडदा लावा तेवढा. सकाळी ऊन डोळ्यावर येतं." तेवढ्यावर विषय मिटला.

काकांचा मात्र मिटला नाही. चार महिने ते त्या खिडकीवरून गेले नाहीत. चर्चला जायला पलीकडून, विहिरीला वळसा घालून जायचे. लेक आवारात दिसली की धाकटीच्या दोरीला काहीतरी झाल्यासारखं मान वर करून बघत राहायचे. तुम्ही म्हणाल, किती दुष्ट माणूस. दुष्ट नव्हते हो. लाजेनं मेले होते. चाळीस वर्षं चर्चच्या दारात उभा राहिलेला माणूस, सगळ्या गावाच्या लेकींची लग्नं त्यानं वाजवलेली. आपल्या लेकीचं काय वाजवायचं ते त्याला कळेना.

आणि याच दिवसांत तरुण राणीसाहेबांना दिवस गेल्याची बातमी आली. मग काय विचारता! काकांना जणू सासरमाहेर दोन्ही मिळालं. राणीला सकाळी उलट्या होतात, राणी आंबट खाते, राणीनं उंच टाचा सोडल्या, सगळं काका पेपरातून कापून वहीत चिकटवत. रोज पहाटे मिस्सेच्या आधी राणीच्या सुखरूप सुटकेसाठी एक मेणबत्ती लावत. एकदा फादर शेजारी येऊन उभे राहिले.

"अजून एक लावा की," फादर त्यांच्या उजव्या कानात म्हणाले. डावा घंटांनी कधीच खाल्ला होता, उजव्यात चार आणे उरले होते.

"कुणासाठी?"

फादरांनी नुसती दुसरी मेणबत्ती पुढे केली. काकाच रागावून म्हणाले, "राजाच्या बाळासाठी प्रार्थना करणं पाप आहे का, फादर?"

"छे छे. दर नाताळाला लोकांनी बाळाची वाट बघावी ही सवय आपणच त्यांना लावलीय. फक्त मला कधीकधी वाटतं, आपला प्रभू राजवाड्यात जन्मला असता तर तुम्हाला-मला फाटकाच्या आत सोडलं असतं का?"

"घंटा तरी वाजली असती," काका म्हणाले आणि निघून गेले. फादरांना हसूही आलं आणि वाईटही वाटलं.

तर आता घंटेचं ऐका. चर्च समितीचे अध्यक्ष चष्म्याचे दुकानदार होते, आणि त्यांना एकच ध्यास: नदीपलीकडच्या मोठ्या चर्चच्या आधी आपली थोरली वाजली पाहिजे. बातमी रेडिओवर येणार. रेडिओ फादरांच्या खोलीत. काका वर मनोऱ्यात, आणि त्यांना हाक ऐकू येत नाही, फोन ऐकू येत नाही, नव्वद पायऱ्या चढून सांगायला जावं तर पलीकडचे बाजी मारतील. तेव्हा तोड निघाली. मनोऱ्याच्या झरोक्यातून फादरांच्या घराचा मागचा सज्जा समोर दिसतो. बातमी आली की फादरांनी सज्ज्याच्या कठड्यावर पांढरं कापड टाकायचं. एक कापड, राजकन्या. दोन कापडं, राजपुत्र. समितीला चहा देता देता हे सगळं अक्कानं ऐकलं. अध्यक्षांनी तिला मुद्दाम बजावलं, "आणि बाई, तोवर त्या कठड्यावर एक रुमालही वाळत घालायचा नाही."

"माझे कपडे काय डोक्यावर वाळवू?" अक्का म्हणाली. पण चार दिवस तिनं सगळं धुणं स्वयंपाकघरात चुलीच्या वर दोरी बांधून वाळवलं.

चार दिवस काका वर. डबा दोरीनं वर येत होता, अठ्ठावीस वर्षांपूर्वी येत होता तसाच, फक्त आता तो अक्का भरायची. चौथ्या दिवशी सकाळी डबा आला नाही. काकांनी विचार केला, म्हातारी विसरली असेल. त्यांनी घंटेच्या कण्याला तेल घातलं, तिच्या आतल्या लोलकाचं चामडं तपासलं, दोरीच्या मुठीला गुंडाळलेला जुना स्वेटर घट्ट केला आणि झरोक्याशी जाऊन बसले.

डबा कसा येणार? खाली पहाटेपासून लेकीला कळा सुरू झाल्या होत्या. नर्सबाई आल्या, पोटाला हात लावून म्हणाल्या, आता दवाखान्याच्या गाडीत घालण्यात अर्थ नाही, पाणी तापवा. फादरांनी रेडिओ सोडला आणि किटली हातात घेऊन बोळात उभे राहिले, कुठे जावं ते न कळून. लेक दात आवळून पडली होती, समोर नाक तुटलेला मेंढपाळ. मध्येच तिनं विचारलं, "आत्या, बाबा?" अक्का म्हणाली, "तू तुझं बघ."

पावणेतीनला मुलगी झाली. रडली ती चांगली खणखणीत. तिला येशूबाळासारखी गव्हाणीत ठेवली वगैरे काही नाही हं, गव्हाणीत मेणबत्त्यांची थोटकं भरलेली होती. धुण्याच्या टोपलीत ठेवली. अक्कानं खालची चादर ओढून काढली, नळाखाली दोनदा धुतली, पिळली आणि वीस वर्षांच्या सवयीनं वर जाऊन सज्ज्याच्या कठड्यावर पसरून टाकली.

काकांनी पाहिलं. एक. पांढरं. लांबरुंद, चांगलं फडफडणारं.

"राजकन्या!" ते एकटेच ओरडले, आणि दोरीला लटकले.

थोरली अठ्ठावीस वर्षांनी बोलली. पहिल्या टोल्याला मनोऱ्यातली सगळी कबुतरं उडाली. दुसऱ्याला दुकानांची दारं उघडली. न्हावी वस्तरा घेऊन बाहेर आला, त्याच्या मागे अर्धी दाढी झालेलं गिऱ्हाईक. शाळेच्या बाईंनी वर्ग सोडला. केकवाल्यानं हातात होता तो केक तसाच चौकात आणला. ज्या दोघी शेजारणी नळावरून दोन वर्षं बोलत नव्हत्या त्या गळ्यात गळे घालून रडल्या. यात हसण्यासारखं काय आहे? माणसं सकाळपासून संध्याकाळपर्यंत स्वतःच्या कटकटीत पिचलेली असतात. एक मूल सगळ्यांचं म्हणून जन्मलं तर त्यांना रडू येणारच. आणि वर काका, घामानं निथळत, एकेक टोला मोजून, सतरा, अठरा, एकोणीस. एकवीसला त्यांनी दोरी धरली, घंटेला शांत होऊ दिलं आणि दोरीच्या मुठीवर कपाळ टेकून देवाचे आभार मानले.

मग न्हाव्याच्या रेडिओनं सांगितलं की राणीसाहेब विश्रांती घेत आहेत आणि प्रसूतीला अजून अवकाश आहे.

नव्वद पायऱ्या उतरायला काकांना वेळ लागला. ते दारात आले तेव्हा चौक भरलेला होता आणि सगळे एकदम बोलत होते. कुणी हसत होतं, कुणी शिव्या घालत होतं. काकांना ऐकू येत होतं ते एवढंच, की मोठा आवाज आहे. त्यांना वाटलं जयजयकार. त्यांनी हात वर केला आणि तोंडभर हसले. समितीनं आणलेल्या फोटोवाल्यानं तेवढ्यात फोटो काढला. देवा, बघणाऱ्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

अध्यक्ष लालबुंद होऊन पुढे आले. ओरडून उपयोग नाही हे कळल्यावर त्यांनी खिशातल्या चष्म्याच्या नंबराच्या कागदावर लिहिलं आणि काकांच्या नाकासमोर धरलं: 'राजवाड्यात अजून काही झालेलं नाही. कुणी सांगितलं?'

काकांनी कागद दोनदा वाचला. मग बोट वर केलं. सगळ्या चौकानं मान वळवली. कठड्यावर चादर ठिबकत होती, आणि चादरीशेजारी अक्का कमरेवर हात ठेवून उभी होती.

अक्का खाली आली. गर्दीतून वाट काढत काकांच्या उजव्या बाजूला गेली आणि त्यांचा कान धरून आपल्या तोंडाशी आणला. "मुलगी झाली. पावणेतीनला. दोघी सुखरूप आहेत."

"कुणाला?"

"कुणाला म्हणजे! काखेत कळसा आणि गावाला वळसा! तुझ्या लेकीला!" अक्काचा आवाज चिरकला. "पहिल्या टोल्याला माझ्या लक्षात आलं मी काय टाकलंय ते. काढू शकले असते. नाही काढली. म्हटलं, वाजव बाबा. एकदा तरी योग्य माणसासाठी वाजव."

काकांनी कठड्यावरच्या चादरीकडे पुन्हा पाहिलं. अध्यक्ष मात्र घाईत होते. झाल्या प्रकारातून मार्ग त्यांनी लगेच काढला होता, आणि खरं सांगायचं तर तो चांगुलपणानंच काढला होता. त्यांनी कागद उलटा करून लिहिलं: 'लोकांना सांगा, नजरचूक झाली. विषय संपेल. खरी बातमी आली की थोरली तुम्हीच वाजवायची.' आणि काकांच्या खांद्यावर हात ठेवला.

नजरचूक. एक शब्द म्हणायचा होता. तो खोटाही नव्हता. लोकांनी हसून सोडून दिलं असतं, मनोऱ्याची किल्ली हातात राहिली असती, पुन्हा एकदा पेपरात फोटो आला असता. आणि लेकीचं बाळंतपण अडगळीतल्या अडगळीत राहिलं असतं. ओळखीच्या माणसाला चारचौघांत 'मी नाही ओळखत' म्हणणं किती सोपं असतं, हे प्रभूला नाकारणाऱ्या शिष्याची गोष्ट ऐकत चर्चमध्ये वाढलेल्या माणसाला वेगळं सांगावं लागत नाही. काकांनी फादरांकडे पाहिलं. फादर दारात उभे होते, हातात अजून ती किटली. त्यांनी काही खूण केली नाही.

"चूक झाली," काका म्हणाले. बहिऱ्या माणसाला आपला आवाज कळत नाही, त्यामुळे ते चौकाच्या पार टोकाला ऐकू गेलं. अध्यक्षांनी सुटकेचा श्वास टाकला.

"चूक अठ्ठावीस वर्षांपूर्वी झाली," काका म्हणाले. "आणि मार्चमध्ये झाली. आज नाही झाली. आज मला नात झालीय. माझ्या लेकीची लेक. थोरली तिच्यासाठी वाजली."

मग अर्धी दाढी झालेल्या गिऱ्हाइकानं टाळ्या वाजवल्या, एकट्यानंच. काही बायकांनी तोंडं फिरवली. कुणीतरी फिस्सकन हसलं. केकवाल्यानं हातातल्या केककडे पाहिलं, आता हा परत कुठे नेऊ म्हणाला, आणि अक्काच्या हातात दिला. काकांनी कमरेची किल्ली सोडून अध्यक्षांच्या तळहातावर ठेवली. अध्यक्षांना काय करावं ते कळेना. ते म्हणाले, "अहो, तसं नव्हतं म्हणायचं मला..." पण ते काकांना ऐकू आलं नाही.

ते विहिरीला वळसा न घालता सरळ गेले. खोलीच्या उंबऱ्यात थांबले. आता उंबऱ्याच्या बाहेर ते होते आणि आत लेक. तिचे डोळे सुजलेले.

"घंटा वाजत होती तेव्हा मी मोजत होते," लेक म्हणाली. मग आठवण होऊन मोठ्यानं म्हणाली, "मला वाटलं, परत त्यांच्यासाठीच!"

काकांना खोटं बोलता आलं असतं. "वर ओढत होतो तेव्हा त्यांच्यासाठीच होती," ते म्हणाले. "खाली आल्यावर कळलं. पोरी, मला सगळं खाली आल्यावरच कळतं गं." आणि तिथेच, दाराच्या चौकटीला धरून, म्हातारा माणूस रडायला लागला.

लेकीनं आधी टोपलीतलं दुपटं सारखं केलं. चार महिने काही थोडे नसतात. मग ती पाय आखडून घेत पुन्हा मोठ्यानं म्हणाली, "आत या, बाबा. बसा. गाढव सरकवा तेवढं."

काका गाढव सरकवून बसले. टोपलीत डोकावले. मग हळूच विचारलं, "वजन किती?"

"आठवण झाली बाई!" अक्का म्हणाली. तिनं स्वयंपाकघरातला काटा आणला, त्यातलं पीठ झटकलं आणि नातीला दुपट्यासकट तोलली. दोन किलो सातशे, दुपटं वजा करून. काकांनी ते तीनदा म्हणून घेतलं.

खरी बातमी दुसऱ्या दिवशी अकराला आली. काका टोपलीशेजारी बसले होते. पायाखालची फरशी हलली तेव्हा त्यांनी मान वर केली. अध्यक्ष स्वतःच दोरीवर होते वाटतं. "लवकर सोडतोय," काका पुटपुटले, "दोरी लवकर सोडतोय, हात सोलून घेईल." तरी तळपायांनी ते मोजत राहिले. बाहेर आवारातून माणसं चौकाकडे पळत होती.

"एकेचाळीस," लेक त्यांच्या कानात म्हणाली. "राजपुत्र झाला, बाबा."

"सुटली बिचारी," काका म्हणाले. राणीबद्दल ते मनापासून म्हणाले. मग पुन्हा टोपलीकडे वळले. एवढ्या गदारोळात नात ढिम्म झोपली होती.

लेक त्यांच्याकडे बघत होती. "बाबा, सगळे चाललेत. तुम्हाला नाही जायचं बघायला?"

"कुठे?" काका म्हणाले, आणि नातीच्या कानावर सरकलेलं टोपडं नीट करायला लागले.